पांढऱ्या फुलांचा हौद

चौथीची परीक्षा झाली आणि मला दौंडला मामाकडं पाठवायचं ठरलं. पुढची शाळा कुठली, हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. मी मुळात कुणाला काही विचारणारी मुलगी नव्हते. कुणी मोठ्यानं हाक मारली तरी माझ्या छातीत धडधडायचं. मामाची बेबी वर्षाची होत होती, तिला सांभाळायला मामीला घरचं कुणीतरी हवं होतं, एवढंच मला कळलं होतं. आमचं गाव घोडनदीच्या काठी, इनामगावच्या अलीकडं. निघायच्या दिवशी सकाळी आई नदीवर कपडे धुऊन आली ती ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळूनच. उघडून बघितलं तर डोहातली पानं. कमळाचं पिल्लू असावं तसं तळहाताएवढं पान, खालून जांभळट, आणि पानाच्या देठातूनच वर आलेली कळी. त्या कळीचं रुपयाएवढं पांढरं फूल होतं. पाकळ्यांवर बारीक केस, जणू कुणी वातीचा कापूस पिंजून चिकटवलाय, आणि मधोमध हळदीचं बोट टेकवल्यासारखा पिवळा ठिपका. आमच्याकडं त्याला नाव नव्हतं. पाण्यातली फुलं, एवढंच. आईनं ती पानं जर्मनच्या डब्यात घातली, वर ओंजळभर पाणी शिंपडलं आणि म्हणाली, “ह्याला लावाया लागत न्हाई. पान पाण्यावर सोडायचं, देठाच्या गाठीतनं आपसूक मुळ्या सुटत्यात. निस्तं सुकू दिऊ नको. तिथं करमलं न्हाई तर ह्याच्याकडं बघत बस.”

एस.टी.त मी तो डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते. शेजारच्या बाईला वाटलं, त्यात खायचं असेल. तिनं विचारलं, “काय दिलंय गं आईनं?” मी डबा आणखी पोटाशी ओढला. तोंड उघडलं असतं तर मी रडले असते.

मामा रेल्वेत पॉइंट्समन होता, गाड्यांसाठी रूळ बदलून द्यायचा. त्याचं घर रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर, सोनाकाकूंच्या जागेत भाड्यानं घेतलेलं. दोन खोल्या आणि मागं अंगण. पहिल्या दिवशी मालगाडी गेली तेव्हा फळीवरच्या ताटल्या एकमेकींवर वाजायला लागल्या, आणि मी भुईला हात टेकून बसले. मला वाटलं घर पडतंय. मामी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. “रोजचंच हाय,” एवढंच म्हणाली. तेव्हा कोळशाची इंजिनं होती. त्यांच्या शिट्ट्या किती प्रकारच्या असतात ते मामा हौसेनं सांगायचा, पण मला सगळ्या सारख्याच भीतीच्या वाटायच्या. वारा आपल्या अंगावर असला की कोळशाची बारीक भुकटी अंगणात यायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, कधी भाकरीवरसुद्धा. मामी भाकरीवर फुंकर मारायची आणि ताटात वाढायची. वर सुकटाची चटणी, कधी मिरचीचा खर्डा. तिच्या हाताला चव होती, पण ती बोलायची फार कमी, आणि न बोलणारं माणूस रागावलेलं असतं असं मला त्या वयात वाटायचं. तिचा पहिला मुलगा तापानं गेला होता. ते मला सोनाकाकूंनी सांगितलं, मामीनं कधीच नाही. बेबी शिंकली तरी मामीच्या हातातलं काम तसंच राहायचं. बेबीच्या मनगटात तिनं काळे मणी बांधले होते. आम्ही बौद्ध झालो होतो, मामाला असले मणी-दोरे आवडायचे नाहीत.

“आपण हे सोडलंय ना?” तो म्हणायचा.

“तुमी सोडलंय. मी न्हाई. पोरीला काय झालं तर तुमचं इंजन यील का धावून?”

मामा हसायचा आणि विषय सोडून द्यायचा. मामी हसायची नाही.

मागच्या अंगणात एक दगडी हौद होता. कधीकाळी तिथं सोनाकाकूंच्या सासऱ्यांचा मळा होता, त्याचं पाणी साठवायला बांधलेला. मळा गेला, घरं आली, हौद राहिला. इंजिनांना पाणी द्यायची मोठी टाकी जवळच होती. ती भरून वाहिली की जास्तीचं पाणी चरातून वाहत यायचं आणि त्यातलं थोडं ह्या हौदात पडायचं. हौदाचा तळ उतरता होता. घराकडच्या बाजूला माझ्या कमरेइतकं पाणी, आणि पलीकडच्या कोपऱ्यात, जिथं पाणी सोडायचं भोक होतं, तिथं किती खोल होतं ते मला ठाऊक नव्हतं. घराकडच्या बाजूला माती साचून साचून कठडा बुटका झाला होता. मामीनं पहिल्याच दिवशी मला बजावलं, “बेबी हिकडं येता कामा नये. आली तर तुझ्याकडं बघून घीन.” मी मान हलवली. त्या दिवसापासून माझं अर्धं लक्ष कायम त्या कठड्याकडं असायचं.

डब्यातली पानं मी आधी बादलीत सोडली होती. आई म्हणाली तसंच झालं. चार-दोन दिवसांत पानाखालच्या गाठीतून पांढऱ्या दोऱ्यासारख्या मुळ्या लोंबायला लागल्या. मामानं ते बघितलं आणि त्याला गंमत वाटली. ड्यूटीवरून येताना तो एक फुटका माठ घेऊन आला, दुसरा सोनाकाकूंकडून मागून घेतला. “शके, तुझ्या माहेरच्या फुलांना घर करू,” तो म्हणाला. मला लाज वाटली, पण बरंही वाटलं. आम्ही चरातला काळा गाळ माठांत भरला, त्यात मुळ्या टोचल्या, आणि गाळ वर येऊन पाणी गढूळ होऊ नये म्हणून वरून वाळूचा थर दिला. हौदाच्या उथळ बाजूला विटांवर ते माठ ठेवले, पानं पाण्यावर तरंगतील इतक्या उंचीवर. पान बुडालं तर कुजतं. फूल येईपर्यंत मी रोज सकाळी उठून आधी हौदाकडं जायचे. पहिलं फूल आलं तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही. दुपारी मामीला दाखवायला गेले तर ते मिटून पाण्यात विरघळल्यासारखं झालं होतं. ह्या फुलाचं आयुष्य एका सकाळचं असतं. दुसऱ्या दिवशी दुसरं उमलतं.

आता शिरूरला मुलाच्या घरी गच्चीवर मी हीच फुलं लावते. मुलगा रांजणगावला कंपनीत जातो, सून शिकवण्या घेते, दिवसभर मी आणि माझी पाण्याची भांडी. नर्सरीवाला ह्याला एक इंग्रजी नाव सांगतो, मग कुमुदिनी म्हणतो. मी प्लॅस्टिकचं पिंप अर्धं कापून घेतलंय. खाली वीतभर नदीचा गाळ, वर वाळू, आणि पाणी ओतताना बशी ठेवून तिच्यावर ओतायचं म्हणजे गाळ ढवळत नाही. एकदा हौसेनं शेणखत घातलं, तर आठवड्यात पाणी हिरवं झालं आणि वास सुटला. ह्या झाडाला खायला फार लागत नाही. निम्मा दिवस ऊन लागतं, आणि उन्हाळ्यात आटलेलं पाणी रोज थोडं थोडं भरावं लागतं. नवीन रोप हवं असेल तर गाठीसकट पान खुडून पाण्यावर सोडायचं, बस. मागच्या पावसाळ्यात आशाताई डास तपासायला आल्या होत्या. “आज्जी, हे ओतून टाका. आठवड्यातनं एक कोरडा दिवस पाळायचा असतो,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “अगं, त्यात गप्पी मासे हायेत. डासाची अंडी ठिवत न्हाईत ते.” त्या वाकून बघायला लागल्या. “दिसंनात की.” मी म्हटलं, “दिसतील. तुला भ्यालेत ते. जरा गप उभी ऱ्हा.” त्यांना खूप हसू आलं. सगळं झालं तरी एक गोष्ट मी कधी चुकवत नाही. निम्मं पाणी मी मोकळं ठेवते. पानं पसरली की खुडते. नर्सरीवाला सांगतो, ऊन खाली पोचायला पाहिजे म्हणून. माझं कारण वेगळं आहे. मला तळ दिसावा लागतो.

दौंडच्या हौदात मला ते खुडणं कुणी शिकवलं नव्हतं. नदीत पाणी वाहतं, पूर येतो, जास्तीचं घेऊन जातो. हौदात कोण नेणार? थंडीत झाड गप्प होतं, पण उन्हाळा लागला तसं त्यानं जोर धरला. माठातून देठ बाहेर पडले, तळाच्या गाळात त्यांनी परस्पर मुळ्या धरल्या, आणि बघता बघता ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पानाला पान लागलं. पाणी दिसेनासं झालं. सोनाकाकू म्हणाल्या, “हौदाला चांगलं झाकण घातलंस की गं. आता आत म्हस पडली तरी कळायचं न्हाई.” त्या चेष्टेनं म्हणाल्या. तोपर्यंत हौदाची भीती म्हणजे कठड्याची भीती होती. त्या दिवसापासून ती पानांखालची झाली. उन्हात ती पानं इतकी सपाट, इतकी चकचकीत दिसायची, की मोठ्या माणसालासुद्धा वाटावं, पाय टाकावा आणि पलीकडं चालत जावं. दोन वर्षांच्या पोरीला काय वाटेल? एकदा बेबी माझ्या कडेवरून त्या पानांकडं बोट दाखवून “हितं बशू” म्हणाली आणि मी तिला घेऊन पळत घरात आले. मामीला काही सांगितलं नाही. मामाला मात्र कसंबसं म्हटलं, “मामा, कठड्याला कायतरी लावा.” मी स्वतःहून मागितलेली ती पहिलीच गोष्ट असेल. मामानं दुसऱ्या दिवशी बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि कठड्याला काट्यांचं कुंपण करून दिलं. तेव्हापासून मला झोप बरी लागायला लागली.

वैशाखी पौर्णिमा जवळ आली. आमच्या लोकांच्या घरी त्या दिवशी मोठी गडबड असते. पांढरे कपडे नीळ घालून धुवायचे, खीर करायची, बुद्धांच्या तसबिरीपुढं फुलं ठेवायची आणि मग सगळ्यांनी मिळून विहारात जायचं. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोली होती, आमच्या घरापासून लांब, फाटकाच्या पलीकडं. वंदना दरवर्षी संध्याकाळी असायची. पण मामानं त्या वर्षी सगळ्यांच्या मागं लागून ती सकाळी ठेवली. “आमच्या शकीची फुलं संध्याकाळपत्तूर टिकत न्हाईत. एक वर्ष सकाळी करू. काय बिघडतं?” मी आतल्या खोलीत ऐकत होते. माझ्या फुलांसाठी इतक्या माणसांनी वेळ बदलली, ह्याचा आनंद व्हायला हवा होता. मला धास्तीच वाटली. उद्या उमललीच नाहीत तर?

उमलली. मी उजाडताच गेले तेव्हा हौद पांढरा झाला होता. बायका यायला लागल्या. कुणी पांढरं लुगडं, कुणी पांढरं पातळ. सगळ्यांना हौद बघायचा होता, आणि लुगडी काट्यांना अडकायला लागली, म्हणून मामानं बाभळीच्या फांद्या ओढून बाजूला भिंतीला लावल्या. “आता एवढी माणसं हायेत,” तो म्हणाला आणि लाउडस्पीकरची सोय बघायला सायकलवरून पुढं विहारात गेला. मी काठीला विळा बांधून हाताला येतील तेवढी फुलं देठासकट काढली. हे फूल पाण्याबाहेर फार वेळ राहत नाही, मान टाकतं. म्हणून प्रत्येकीच्या थाळीत पाणी घातलं आणि त्यावर फुलं सोडली. बेबीला मामीनं पांढरं झबलं आणि पांढरं टोपडं घातलं होतं. ती टोपडं काढून फेकायची, मामी परत घालायची. मामीच्या पदराला धरून चालायची तिला सवय होती. त्या सकाळी ती बायकांच्या पायांतून फिरत होती, आणि जी ती म्हणत होती, “अगं बाई, किती गोड दिसतीय!”

मग बायका निघाल्या. थाळीतलं पाणी हिंदकळू नये म्हणून सगळ्या दोन्ही हातांनी थाळी धरून, नजर थाळीवर ठेवून, अगदी हळू चालत होत्या. लग्नातल्या नवरीसारख्या. सोनाकाकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, “आज रेल्वे बी थांबल तुमच्यासाठी.” एक-दोघी हसल्या आणि त्यांच्या थाळ्या हलल्या, तशी दुसरी ओरडली, “हसू नगा गं, सांडतंय!” मामी खिरीसाठी मागं राहिली होती. ती आणि मी मागून जायचं ठरलं होतं. मी हौदाजवळ पडलेली पानं गोळा केली, विळा सोडवून ठेवला, हात धुतले. आत आले तर मामी चुलीवरचं पातेलं उतरवत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या कडेकडं बघितलं आणि विचारलं, “बेबी कुठाय?”

मी म्हटलं, “तुमच्यापाशी न्हाई?”

“तुझ्यापाशी व्हती न्हवं?”

त्या क्षणाचं काय लिहू? पातेलं चुलीवरच कललं होतं आणि खीर विस्तवात सांडत होती, त्याचा करपल्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. मामी “बेबे, ए बेबे” म्हणत पुढच्या दारी धावली. मी मागच्या दारी. अंगणात कुणी नव्हतं. कठड्यापाशी काटे नव्हते. मी हौदाकडं बघितलं. मी फुलं काढताना काठीनं पानं इकडंतिकडं केली होती, कित्येक पानं उलटून जांभळ्या बाजूनं वर आली होती, मध्ये मध्ये काळं पाणी उघडं पडलं होतं. त्यामुळं कुठली पानं मी हलवली आणि कुठली नाही, हे माझं मलाच कळेना. पलीकडच्या भिंतीजवळ न काढलेली फुलं होती. त्यांच्यात एक फूल जरा मोठं दिसलं. मी बघत राहिले. ते फूल नव्हतं. बेबीचं टोपडं होतं.

माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. पुढं किती तरी वर्षं मला त्याचं नवल वाटायचं, की मी ओरडले कशी नाही. मी कठड्यावरून आत उतरले. पाणी कमरेला लागलं, आणि पायाखाली गाळ गुडघ्याकडं सरकल्यासारखा मऊ. वरून पानं सारली तरी खाली काही दिसत नव्हतं, गाळ उठून सगळं काळं झालं. म्हणून मी पायांनी शोधायला लागले. एक पाऊल, मग दुसरं, अंगठ्यानं चाचपत. देठ पोटऱ्यांना गुंडाळायचे, ओढले की तुटायचे, परत दुसरे गुंडाळायचे. मामी आली. तिला टोपडं दिसलं असावं, कारण तिचा आवाज मी ऐकला. तो आवाज मी लिहू शकत नाही. ती कठड्यावर उभी राहून दोन्ही हातांनी तोंडावर मारून घेत होती आणि म्हणत होती, “बघ की गं, शके, बघ की! हिकडं बघ, त्या अंगाला बघ!” त्याच वेळी रुळांवर इंजिन शंटिंग करत होतं. त्याची शिट्टी सुरू झाली की मामीचं तोंड नुसतं हलताना दिसायचं.

भिंतीला धरून मी पुढं गेले आणि माझ्या पायाला काहीतरी गोल लागलं. गुळगुळीत, गोल. माझा पाय तिथंच थांबला. मला वाकून हात घालायचं धाडस होईना. मामीनं माझा चेहरा बघितला आणि तिला कळलं, मला काहीतरी लागलंय. ती एकदम गप्प झाली. मी वाकले, पाणी हनुवटीपर्यंत आलं, आणि हात खाली घातला. माठ होता. आम्हीच ठेवलेला माठ, विटेवरून कलंडलेला. “माठ हाय, मामी,” मी म्हटलं, आणि मामी परत रडायला लागली. सगळा हौद झाला, पलीकडचा कोपरा राहिला. तिथं जाताना पाणी गळ्याला आलं, मग तोंडाला. भिंतीतून एक दगड बाहेर आला होता, त्याला एका हातानं धरून मी श्वास घेतला आणि खाली गेले. डोळे उघडले की मिटले, आठवत नाही. दोन्हीत फरक नव्हता. वर आले, परत खाली गेले. माझ्या मनात तेव्हा एकच होतं. ती हाताला लागू नये, आणि लागली नाही तरी मला वर येता येऊ नये.

तिसऱ्यांदा वर आले तेव्हा सोनाकाकूंचा आवाज आला. त्या पुढच्या दारातून ओरडत येत होत्या, “सापडली गं! अगं मामा घिऊन आलाय! सापडली तुझी बेबी!” मागून मामा, सायकल तशीच धरून, पुढच्या दांड्यावर बेबी. मामा हसत होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. “अगं, ह्या बाईचा प्रताप बघ,” तो लांबूनच सांगत होता. “धोंडूबाईच्या पदराला धरून पार विहारापत्तूर गेली! धोंडूबाई थाळीकडं बघत चालल्याली, तिला पत्ताच न्हाई. थाळी ठिवाया वाकली तवा बघती तर मागं ही.” सगळे पदर पांढरेच होते. बेबीनं जो हाताला आला तो धरला होता. वाटेत कुणी ना कुणी बघितलंच असेल, पण प्रत्येकीला वाटलं, हिची आई पुढं असेल. टोपडं तिनं निघायच्या आधीच नेहमीसारखं काढून भिरकावलं असणार.

मग मामाला हौद दिसला, उपटलेली पानं, काळं पाणी, आणि त्याचं हसू गेलं. मामीनं आधी बेबीच्या पाठीत एक धपाटा घातला. बेबी रडायला लागली. मग तिला पोटाशी धरून मामी तिथंच मातीत बसली आणि तिचे हात, पाय, कान, एकेक बोट चाचपून बघायला लागली. मामा तिच्याजवळ बसला. सोनाकाकू पाणी आणायला आत गेल्या. मी हौदातच होते. मला कुणी बाहेर ये म्हटलं नाही. मी रागानं सांगत नाही, कुणाच्या लक्षातच नव्हतं. वैशाखाचं ऊन होतं आणि माझे दात वाजत होते. मग मी आपली बाहेर आले, सोनाकाकूंच्या जुन्या विहिरीवर जाऊन अंग धुतलं आणि दुसरं परकर-पोलकं घातलं. त्या दिवशी आम्ही विहारात गेलो नाही. करपलेली खीर सोनाकाकूंनी फेकून दिली. मला खात्री होती, मला आता परत पाठवणार.

दुसऱ्या दिवशी मामा ड्यूटीवरून आला आणि कपडे न बदलता हौदाच्या मागं गेला. भोकात ठोकलेला लाकडाचा गट्टू त्यानं बाहेरून सोडवला. “झालं तेवढं बास. हौद मोकळा करून टाकतो,” तो म्हणाला. मलाही ते पाणी नको होतं. सगळी दुपार पाणी सावकाश जात राहिलं. पानं खाली खाली बसत गेली. त्या दिवशी उमललेली फुलं मिटायच्या आतच गाळावर टेकली, त्यांना धरायला पाणीच राहिलं नाही. पाणी सरलं तसा मामा फावडं घेऊन आत उतरायला कठड्यावर चढला आणि तिथंच थांबला.

“शके, हिकडं ये,” तो म्हणाला.

मी गेले. पानं बाजूला पडली होती तिथं गाळ उघडा होता, आणि त्यात पावलं होती. बोटं फाकलेली, खोल रुतलेली माझी पावलं. उथळ बाजूपासून सुरू होऊन भिंतीच्या कडेकडेनं, माठांभोवती, परत मागं, परत पुढं, पावलावर पाऊल. मामा कठड्यावरून चालत चालत त्यांच्यासोबत पुढं गेला, पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत. तिथं पावलं नव्हती. तिथं बोटांनी ओरबाडलेलं होतं. दोन्ही हातांची बोटं, गाळात लांब लांब ओढलेली, एकमेकांवरून गेलेली.

“हितं माझ्या डोक्याइतकं पाणी असतं,” मामा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. “तुला पवाया येतं व्हय गं?”

मी मान हलवली.

“न्हाई?”

“न्हाई.”

त्यानं फावडं खाली ठेवलं आणि मामीला हाक मारली. मामी बेबीला कडेवर घेऊन आली. मामानं नुसतं बोट दाखवलं. मामी त्या कोपऱ्याकडं किती तरी वेळ बघत उभी राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होते, आता ती काय म्हणेल म्हणून. ती माझ्याकडं वळली.

“मेली असतीस की गं,” मामी म्हणाली.

ती रागानं बोलत नव्हती. तिचा आवाज भ्यालेला होता. बेबीसाठी भ्यालेला तिचा आवाज मला पाठ होता, हाच होता तो. तिनं बेबीला दुसऱ्या कडेला घेतलं आणि मोकळ्या हातानं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की तिच्या बांगड्या माझ्या हाडाला लागल्या. मला दुखत होतं आणि मी हात सोडवला नाही. तशीच ती मला घरात घेऊन आली. चुलीपाशी बसवलं, ताट पुढं ओढलं, वाढलं, आणि मी पहिला घास तोंडात घालेपर्यंत तिनं मनगट सोडलं नाही.